आत्या आणि माझे उंदीर

परवा आत्याचा फोन आला. तिकडे रात्रीचे साडेनऊ, इकडे दुपारचे बारा. मी नुकताच डबा उघडला होता. हवापाणी झालं, कोणाचं लग्न ठरलं ते झालं, आतोबांचे गुडघे झाले. आणि मग एकदम, कोथिंबिरीचा भाव विचारावा तशा आवाजात ती म्हणाली, "काय गं, आजवर किती उंदीर मारलेस तू?"

माझा घास हातातच राहिला.

आमच्या घरात मी 'अमेरिकेतली उंदरांची डॉक्टर' म्हणून प्रसिद्ध आहे. :-) प्रत्यक्षात मी काय करते ते कुणी फारसं खोलात जाऊन विचारलेलं नाही आणि मीही सांगितलेलं नाही. 'फुप्फुसांवर संशोधन' एवढं म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि विषय बदलतो. पण आत्याची गोष्ट वेगळी. चौदा महिन्यांपूर्वी तिची दोन्ही फुप्फुसं बदलली. तेव्हा तिला हा प्रश्न विचारायचा अधिकार आहे. मी म्हटलं, "मोजून सांगते." खरं तर वेळ मारून नेली. ती म्हणाली, "सांग. घाई नाही." आणि फोन ठेवला.

तेव्हापासून हे डोक्यात आहे, म्हणून लिहून काढतेय.

मी मूळची पशुवैद्य. परळच्या महाविद्यालयात शिकले. अडलेल्या गाई मोकळ्या केल्या, कुत्र्यांचे मोडलेले पाय बांधले. शपथ घेतली ती प्राण्यांना बरं करायची. आणि गेली सात वर्षं ओहायोतल्या एका प्रयोगशाळेत मी ठणठणीत उंदरांच्या फुप्फुसांना मुद्दाम इजा करते. ती इजा कोणती, ते आधी सांगते.

दात्याचं फुप्फुस काढलं की त्याचा रक्तपुरवठा थांबतो. ते धुवून, थंड करून, डब्यात घालून दुसऱ्या गावी नेतात आणि रुग्णाच्या छातीत जोडतात. मग रक्तवाहिनीवरचा चिमटा सुटतो आणि काही तास कोरड्या राहिलेल्या वाहिन्यांतून पुन्हा रक्त धावतं. वाटतं की आता संकट टळलं. पण खरी गडबड तिथेच सुरू होते. रक्त परत आल्यावर पेशींमध्ये घातक रेणू तयार होतात, धोक्याचे संदेश सुटतात, न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी झुंडीनं येतात आणि केशवाहिन्यांच्या भिंती गळायला लागतात. जिथे हवा असायची त्या वायुकोशांत पाणी भरतं. फुप्फुस आपल्याच छातीत बुडायला लागतं. याला इस्केमिया-रिपर्फ्यूजन इजा म्हणतात. रुग्णामध्ये पहिल्या ७२ तासांत हे दिसलं की डॉक्टर त्याला प्रायमरी ग्राफ्ट डिसफंक्शन म्हणतात. त्याची तीव्रता ठरवायला २००५ साली फुप्फुसरोपण करणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं एक मोजपट्टी ठरवली. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब भागिले श्वासातून दिलेल्या ऑक्सिजनचं प्रमाण. निरोगी माणसात हा आकडा चारशेच्या वर असतो. एक्स-रेमध्ये पाणी दिसतंय आणि आकडा दोनशेच्या खाली आहे, तर ती सगळ्यात वाईट, तिसरी पायरी.

हा दोनशेचा आकडा लक्षात ठेवा. तो पुन्हा येणार आहे.

आता माझा उंदीर. वजन पंचवीस ग्रॅम. हृदयाचे ठोके मिनिटाला पाचशेच्या आसपास. त्याचं डावं फुप्फुस एकाच खंडाचं, चिंचोक्याहून थोडं मोठं. पूर्ण भूल देऊन मी त्याच्या श्वासनलिकेत नळी घालते, छोट्या व्हेंटिलेटरला जोडते, सूक्ष्मदर्शकाखाली छाती उघडते आणि डाव्या फुप्फुसाच्या देठावर एक बारीक चिमटा लावते. एक तास थांबायचं. चिमटा काढायचा. दोन तास रक्त वाहू द्यायचं. मग उजवं फुप्फुस काही मिनिटं बंद करून, फक्त डाव्यातून आलेल्या रक्तातला ऑक्सिजन मोजायचा. फुप्फुस ओलं असताना तोलायचं, वाळवून पुन्हा तोलायचं, म्हणजे पाणी किती साचलं ते कळतं. उंदीर भुलेतून बाहेर येतच नाही.

हे सोपं मॉडेल. अवघड मॉडेलमध्ये एका उंदराचं डावं फुप्फुस खरोखर दुसऱ्यात बसवतात. ही पद्धत अमेरिकेतच, सेंट लुइसमध्ये, २००७ साली बसवली गेली. एवढ्याशा रक्तवाहिन्यांना टाके घालणं फार अवघड. मग सलाईनच्या सुईवर प्लास्टिकची नळी असते ना, तिचा मिलिमीटरभर तुकडा कापायचा, वाहिनी त्यातून ओढून सदऱ्याच्या बाहीसारखी उलटी दुमडायची, ती दुसऱ्या वाहिनीत सरकवायची आणि वरून रेशमाचा धागा बांधायचा. धमनीला एक, शिरेला एक, श्वासनलिकेच्या फाट्याला एक. मला हे जमायला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत गेलेले उंदीर कुठल्याच शोधनिबंधात नाहीत. आत्याच्या प्रश्नाचं उत्तर तिथूनच अवघड व्हायला लागतं.

"उंदीरच का?" असं आतेभावानं एकदा विचारलं होतं. कारण उंदराचं हवं ते जनुक बंद करता येतं आणि मग विचारता येतं की ही पेशी नसती तर इजा झाली असती का? याची उत्तरं मिळाली आहेत. शिकागोतल्या गटानं २०१७ साली दाखवलं की दात्याचं फुप्फुस आपल्यासोबत स्वतःचे पहारेकरी घेऊन येतं. रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीला चिकटलेल्या एका प्रकारच्या मोनोसाइट पेशी, ज्या धुवूनही जात नाहीत. नव्या शरीरात गेल्यावर त्याच रुग्णाच्या न्यूट्रोफिलना हाका मारून बोलावतात. उंदरात त्या आधीच काढून टाकल्या तर इजा कमी झाली. मग माणसांच्या रोपणासाठी आलेल्या फुप्फुसांत बघितलं, तर तिथेही त्या पेशी होत्या. अशा वेळी वाटतं की आपण करतो त्याला अर्थ आहे.

आणि ही देवाणघेवाण जुनी आहे. १९४०च्या दशकात मॉस्कोत देमिखोव्ह कुत्र्यांमध्ये फुप्फुस बसवून बघत होते. अमेरिकेत मिसिसिपीला जेम्स हार्डी यांनी शेकडो कुत्र्यांवर हात बसवला आणि ११ जून १९६३ रोजी पहिल्यांदा माणसात फुप्फुस बसवलं. तो रुग्ण अठरा दिवस जगला. पुढची वीस वर्षं जगभर चाळीसेक प्रयत्न झाले आणि जवळजवळ सगळे रुग्ण काही दिवसांत किंवा आठवड्यांत गेले. बऱ्याच जणांचा श्वासनलिकेचा जोडच उसवायचा. १९७८ मध्ये टोरांटोत जोएल कूपर यांचा रुग्ण असाच तिसऱ्या आठवड्यात गेला. कूपर परत कुत्र्यांकडे गेले. श्वासनलिकेचा फाटा कापून जोडला आणि काही कुत्र्यांना स्टेरॉइड दिलं, काहींना नाही. स्टेरॉइडवाल्यांचे जोड कच्चे राहिले. शरीरानं नवं फुप्फुस नाकारू नये म्हणून दिलेलं औषधच जोड भरू देत नव्हतं! मग सुरुवातीला स्टेरॉइड टाळायचं, त्याऐवजी सायक्लोस्पोरिन द्यायचं आणि पोटातला चरबीचा पडदा वर ओढून जोडाभोवती गुंडाळायचा, असं ठरलं. १९८३ मध्ये असं रोपण झालेला रुग्ण सहा वर्षांहून जास्त जगला. आधी माणूस हरला, त्यातून नेमका प्रश्न सापडला आणि मग तो कुत्र्याला विचारला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. का, ते पुढे येईलच.

आता आत्या.

आत्याला फुप्फुसांचा फायब्रोसिस झाला. डॉक्टरांचा संशय गॅलरीतल्या कबुतरांवर होता. कोथरूडच्या त्या घरात वीस वर्षं तिनं रोज सकाळी गॅलरीतली कबुतरांची घाण झाडली होती. फुप्फुसं आखडत गेली, घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं, मग देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंत जायलाही नळी लागायला लागली. शेवटी चेन्नईतल्या एका रुग्णालयात नाव नोंदवलं. ती आणि आतोबा तिथे भाड्यानं खोली घेऊन सात महिने राहिले. एका रात्री फोन आला आणि पहाटेपर्यंत ती आत गेलीसुद्धा.

शस्त्रक्रिया छान झाली असं कळलं. मी इकडे पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी आतेभावाचा निरोप आला, "डॉक्टर म्हणतायत नंबर १४० आहे. एक्स-रे पांढरा दिसतोय. १४० म्हणजे चांगलं का?"

तेव्हा मी प्रयोगशाळेतच होते. समोर वही उघडी होती. त्या दिवशीच्या उंदराचा आकडा मी नुकताच लिहिला होता, १५२, आणि पुढे बरोबरची खूण केली होती. कारण आकडा दोनशेच्या खाली आला म्हणजे इजा नीट झाली, मॉडेल जमलं. तीनशे आला तर मी चिडते, चिमटा सैल बसला असं म्हणते.

आतेभावाचा निरोप वाचून पहिल्या क्षणी माझ्या मनात काय आलं, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आलं ते हे: 'बरोबर आलाय.'

एक क्षणच. मग हातपाय गार पडले. आत्याचा तो आकडा होता. त्या पांढऱ्या एक्स-रेमध्ये काय चाललंय, कुठल्या पेशी कुठून येतायत, भिंती कशा गळतायत, ते मी डोळे मिटून चित्र काढून दाखवलं असतं. आणि आतेभावानं विचारलं, "पुढे काय होतं याचं?" तर मला सांगता येईना.

म्हणजे डॉक्टर सांगत होते तेवढं मलाही माहीत होतं. व्हेंटिलेटर हळुवार चालवायचा, शरीरात पाणी कमी ठेवायचं, वाट बघायची. इजा उलटवणारं औषध नाही. पण माझं स्वतःचं जे ज्ञान, सात वर्षांच्या वह्या, ते दोन तासांवर संपतं. माझा उंदीर तिसऱ्या तासाला जिवंतच नसतो. आत्या तेव्हा तिसाव्या तासात होती.

त्या रात्री झोप आली नाही. पडल्या पडल्या मी फरक मोजत बसले. माझा उंदीर तीन महिन्यांचा, तरणा, निर्जंतुक पिंजऱ्यात वाढलेला, आयुष्यात साधी सर्दी न झालेला. आत्या एकोणसाठ वर्षांची, दोन वर्षं ऑक्सिजनवर असलेली. उंदराचं फुप्फुस त्याच्याच छातीत राहिलं. आत्याचं एका मेंदूमृत माणसाकडून आलं. मेंदू मरताना शरीरात जे वादळ उठतं, त्यानं फुप्फुस आधीच दुखावलेलं असतं, शिवाय ते व्हेंटिलेटरवर राहिलेलं असतं. उंदराचा चिमटा एक तास, आत्याची फुप्फुसं सहा तास बर्फाच्या डब्यात. डुक्कर त्या मानानं जवळचं. आकार आपल्याएवढा, माणसांचीच यंत्रं चालतात. पण त्याच्याही उजव्या फुप्फुसाच्या वरच्या खंडाची नळी थेट श्वासनलिकेतूनच फुटते आणि हव्या त्या पेशीशिवायचं डुक्कर उंदरासारखं सहज मिळत नाही. प्रत्येक प्राणी एका प्रश्नाचं उत्तर देतो आणि बाकीच्या दहांना गप्प बसतो. दोष त्याचा नाही. आपण त्याला काय विचारलं आणि त्यानं सांगितलेलं किती ऐकलं, हा हिशेब आपला.

आणि ऐकण्याचं म्हणाल तर एक उदाहरण मला फार टोचतं. काढलेलं फुप्फुस बर्फात, चार अंशांच्या आसपास ठेवायचं, हा जुना रिवाज. १९९२ साली कुत्र्यांवरचा एक प्रयोग छापून आला होता. त्यात दहा अंशांवर ठेवलेली फुप्फुसं चार अंशांपेक्षा चांगली निघाली. पण बर्फाचा डबा सोपा, स्वस्त, सगळीकडे मिळणारा. रिवाज चालूच राहिला. २०२१ मध्ये टोरांटोच्या गटानं डुकरांची फुप्फुसं दहा अंशांवर ३६ तास ठेवून बसवून दाखवली. पेशींची ऊर्जा बनवणारी मायटोकॉन्ड्रिया त्या तापमानाला जास्त धड राहतात असं निघालं. मग माणसांमध्ये करून बघितलं, त्याचे निकाल २०२३ मध्ये आले आणि दहा अंशांवर जास्त वेळ ठेवूनही फुप्फुसं नीट चालली. आता काही केंद्रं रात्री आलेलं फुप्फुस दहा अंशांवर ठेवून सकाळी ताज्या हातांनी बसवतात. कुत्र्यांनी सांगितल्यापासून एकोणतीस वर्षांनी आपण डुकरांना तेच पुन्हा विचारलं. त्या कुत्र्यांचा जीव घेतला, उत्तर मिळालं आणि ते कपाटात ठेवून दिलं.

आत्याचा आकडा दुसऱ्या दिवशी १६५ झाला, तिसऱ्या दिवशी २३०. अकराव्या दिवशी नळी निघाली. घरी यायला दोन महिने लागले. सुरुवातीला अशी इजा झालेल्यांना पुढे जुनाट नकाराचा, म्हणजे फुप्फुसाच्या बारीक नळ्या हळूहळू बुजत जाण्याचा, धोका जास्त असतो. हे मला माहीत आहे आणि तिलाही. रोज सकाळी ती यंत्रात फुंकर मारून आकडा वहीत लिहिते. आता तिचीही वही आहे.

तिचा प्रश्न मात्र टाळता येईना. गेल्या रविवारी मी सगळ्या वह्या काढून बसले. शिकतानाचे, फसलेले, भुलेतच गेलेले, निबंधात आलेले, न आलेले, दाते म्हणून वापरलेले, सगळे धरून १,२८६. कॅल्क्युलेटरवर दोनदा केलं. तेवढाच आला.

मग फोन केला आणि सांगितलं. सोबत दुसरंही सांगितलं, कारण ते सांगायला तिच्याइतकं योग्य माणूस मला सुचलं नाही. आत्या आजारी पडल्यापासून मला वाटतंय की दोन तासांवर थांबणं बरोबर नाही. उंदीर ७२ तास जगवला पाहिजे, म्हणजे इजा झाल्यानंतर काही जण बरे होतात आणि काही होत नाहीत, ते का, हे कळेल. आत्याला कोणी विचारलं असतं तर तिनं तोच प्रश्न विचारला असता. पण दोन तासांच्या उंदराला काही कळत नाही. तो झोपतो आणि संपतो. ७२ तासांचा उंदीर जागा होणार. त्याची छाती उघडलेली असणार, त्याला धाप लागणार. वेदनाशामक द्यायचं, ऊब द्यायची, मऊ खाणं द्यायचं, वजन ठरलेल्या मर्यादेखाली उतरलं किंवा धाप वाढली की प्रयोग सोडून त्याला सोडवायचं, हे सगळं मी अर्जात लिहिलंय. १९५९ साली रसेल आणि बर्च यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी तीन गोष्टी सांगितल्या. पर्याय शोधा, संख्या घटवा, त्रास कमी करा. माझ्या अर्जात संख्या घटतेय, पण त्रास वाढतोय. समितीनं दोनदा प्रश्न विचारून शेवटी परवानगी दिली. परवानगी मिळाल्यावर मीच तीन आठवडे चालढकल करत होते. पशुवैद्य म्हणून शिकलेली सगळी अक्कल 'नको' म्हणत होती.

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला नळी होती ना, तेव्हा एक नर्स रात्रभर शेजारी बसायची. मल्याळी होती. माझं बोलणं तिला कळायचं नाही, तिचं मला. पण मी डोळे उघडले की ती असायची. या उंदरांजवळ रात्री कोण असणार?"

"मी," मी म्हटलं.

"तीन रात्री?"

"तीन रात्री."

"मग बघ बाई," ती म्हणाली. "आणि मोजलेस ते बरं केलंस." मग आतोबांना हाक मारली, गोळ्यांची वेळ झाली होती.

तिनं मला माफ केलं वगैरे असं काही नाही. तिला ते करायचंही नव्हतं बहुतेक. ज्यांच्यामुळे ती श्वास घेतेय त्यांची संख्या तिला माहीत करून घ्यायची होती, एवढंच. त्यात तो अनोळखी दाता आहे, टोरांटोची कुत्री आहेत आणि माझे उंदीर अजून नाहीतच. माझ्या उंदरांचं काही तिच्यापर्यंत पोचलेलं नाही. पुढच्या कुणापर्यंत पोचेल की नाही तेही मला माहीत नाही. मात्र दोन तासांच्या उंदराला आपण ७२ तासांचा प्रश्न विचारत होतो, हे आता दिसलंय. दिसल्यावर पुन्हा तसंच करत राहिले तर पुढचा प्रत्येक आकडा नुसता आकडाच राहील. वहीतली बरोबरची खूण मी आता करत नाही. नुसता आकडा लिहिते.

पहिले सहा उंदीर आज सकाळी झाले. सहाही जागे झाले. एक जरा गप्प आहे, त्याला ऊबदार गादीवर ठेवलंय. रात्री दोनला औषधाचा पुढचा डोस आहे. गजर लावलाय, खुर्ची ओढून घेतलीय, थर्मासमध्ये चहा आहे.

बरंच लांबलं. थांबते.